भिंतीची हजामत

कोमिझा, व्हिस बेट
१२ एप्रिल २००३

चि. निक्शास अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रथम वस्तुस्थिती, ज्या क्रमाने घडली त्याच क्रमाने.

२८ मार्चच्या वृत्तपत्रात तुमच्या प्रयोगशाळेचे साप्ताहिक परागपत्रक आले. त्यात स्तोमोरिना शहराच्या हवेत, एका घनमीटरमागे, भिंतगवताचे परागकण एकोणीस आणि आगपाल्याचे एकोणीस. ४ एप्रिलच्या पत्रकात भिंतगवत एकतीस, आगपाला बत्तीस. काल, ११ एप्रिलला, दोन्ही चव्वेचाळीस. कालचा अंक आज दुपारच्या बोटीने बेटावर आला आणि तो वाचून तासाभरात मी हे लिहावयास घेतले आहे.

एकतीस वर्षे मी त्याच खिडकीशी बसून, त्याच सूक्ष्मदर्शकाखाली हे कण मोजले. दोन वनस्पतींचे पराग सलग तीन आठवडे तराजूत तोलल्यासारखे समसमान उडाल्याचे त्या काळात एकदाही पाहण्यात आले नाही. शिवाय बेरीज विषम आली तेव्हा जास्तीचा एक कण आगपाल्याच्या पदरात पडलेला दिसतो. निसर्गाला एवढी शिस्त नसते. ती माणसाला असते, आणि बहुधा चुकीच्या जागी असते.

बंबवाल्यांचा संत फ्लोरियान, त्याचा सण ४ मे रोजी आहे. आदल्या दिवशी बंबवाले शिड्या लावून तटाच्या भिंतीवरचे गवत खरवडतात. गावाने या प्रकाराला लाडाने 'हजामत' असे नाव दिले असले तरी ऐन फुलोऱ्यातले भिंतगवत कोरड्या दिवशी झोडपणे म्हणजे सबंध शहराच्या नाकात पराग कोंबणे होय. नगरसभेशी दोन वर्षे भांडून मी नियम करून घेतला, तो तुला पाठ असेलच: सणापूर्वीच्या पत्रकात भिंतगवताचा आकडा सत्तर किंवा अधिक असेल, तर पाऊस पडून जाईपर्यंत हजामत नाही. गेल्या वर्षी तो एकोणऐंशी होता. मिरवणूक दाढीवाल्या भिंतीखालून गेली आणि लोक मला हसले. हसणारे सर्व जण घरी चालत गेले, एवढे माझ्या दृष्टीने पुरेसे होते.

तेव्हा सांग, हे आकडे तू मोजलेस की वाटलेस?

पायाचे प्लास्टर मेअखेर निघेल, असे डॉक्टर म्हणतात. तोवर बोटीत चढणे नाही. टेलिफोन करू नकोस. माझे कान तुला माहीत आहेत. शेजारीण निरोप ऐकून मला ओरडून सांगते आणि तो माझ्याआधी बंदरावर पोहोचतो. उत्तर कागदावर हवे.

तुझ्यावरील लोभ अबाधित आहे; तुझ्या आकड्यांवरील नाही.

तुझी मावशी,
विंका

*

स्तोमोरिना
१६ एप्रिल २००३

ती. विंकामावशींस सा. न. वि. वि.

तुमचे पत्र उघडले आणि तोंडी परीक्षेला उभे असल्यासारखे हात आपोआप मागे बांधले गेले. पाय लवकर बरा होवो. आईने तुमच्यासाठी खारवलेल्या माशांची बरणी बोटीवरच्या स्वयंपाक्याकडे दिली आहे. वाटेत त्याने झाकण उघडले नाही ना, ते पाहा.

पत्रकाविषयी. यंदा राजधानीहून पत्रकाचा नवा छापील नमुना आला. तुमच्या काळी दोन्ही वनस्पती एकाच ओळीत, 'भिंतगवत व तत्सम' अशा मांडल्या जात. आता दोन रकाने आहेत आणि एक जरी कोरा राहिला तरी संगणक पत्रक स्वीकारत नाही. आमच्या प्रमुखांनी विभागणीची एक पद्धत मान्य केली आहे, तिच्यानुसार मी आकडे भरतो. रकाना कोरा ठेवणाऱ्याला मोजण्याचा अधिकार नाही, हे तुम्हीच शिकवले होते. जूनमध्ये माझी नेमणूक कायम व्हायची आहे, त्यामुळे सध्या मी राजधानीच्या नमुन्यांशी वाद घालत नाही.

घरी सर्व ठीक. रविवारी ऑलिव्हच्या डहाळ्या चर्चमधून आशीर्वाद घेऊन घरी आल्या आणि आईने एक माझ्या सूक्ष्मदर्शकासाठी वेगळी काढून दिली. यंदा मिरवणुकीत वेशीखालचे एकल गायन तिच्याकडे आहे. रोज संध्याकाळी सराव असतो. काय आवाज लागला आहे, मावशी! इतका मोकळा आवाज मी लहानपणानंतर ऐकला नाही. जिन्यात शेजारी भाजीच्या पिशव्या खाली ठेवून उभे राहतात. बंबवाल्यांचा प्रमुख येर्को कॉफीला आला होता. तो म्हणाला की दोमिनाबाई अशा गाणार असतील तर संताच्या भिंतीचीही गुळगुळीत हजामत झालीच पाहिजे; मग आईकडे वळून म्हणाला, गेल्या वर्षी तुमच्या बहिणीने आम्हाला गावाचे विदूषक केले.

रागावला असाल तर अर्धेच रागवा, एवढी सवलत मागतो.

आपला आज्ञाधारक,
निक्शा

*

कोमिझा
१९ एप्रिल २००३

चि. दोमिनास अनेक आशीर्वाद.

मासे पोहोचले. मीठ जास्त आहे.

निक्शा लिहितो की तुझा आवाज मोकळा झाला आहे. बावन्न वर्षांच्या, एकोणीस वर्षे दमा असलेल्या बाईचा आवाज एप्रिल महिन्यात, तटाच्या भिंतीपासून चाळीस पावलांवर राहून, आपोआप मोकळा होत नाही. सकाळ-संध्याकाळच्या पंपाने घसा बसतो, अशी तुझी तक्रार जुनी आहे. यावरून मी जो निष्कर्ष काढला, तो चुकीचा असल्यास मला आनंद होईल. पंप चालू आहे की नाही, एवढेच एका शब्दात लिही. बाकी सहा पाने हवे ते लिही.

ईस्टरच्या सणाचे आशीर्वाद.

विंका

*

स्तोमोरिना
२३ एप्रिल २००३

प्रिय ताईस सा. न.

एक शब्द मागितलास तो आधी देऊन टाकते, म्हणजे उरलेले पत्र शांतपणे वाचशील. नाही.

आता ओरडून झाले असेल तर ऐक. साडेतीन आठवड्यांपूर्वी पंप कपाटात ठेवला. अडीनडीचा निळा मात्र पिशवीत असतो आणि तो एकदाही लागला नाही. तू म्हणशील, दोमिना मूर्ख आहे. पण दोमिना दर शुक्रवारी वृत्तपत्र उघडून आधी परागपत्रक वाचते, मग मृत्यूच्या बातम्या. सत्तरच्या वर आकडा गेला की पंप घ्यायचा, हे तूच मला पाठ करून दिलेस. आकडा पन्नासच्याही खाली आहे. आणि हा काही परक्याचा आकडा नाही. माझ्या पोराने डोळे लाल करून मोजलेला आहे. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर काय हवामानखात्यावर ठेवायचा?

सकाळी जरा घरघर होते, ती जुनीच. जिना चढताना मध्ये एकदा थांबते, पण शेजारी ऐकायला उभे असतात, म्हणून मीही उभी राहते. दोघांची सोय होते.

तू होतीस तेव्हा दर वर्षी सणाला मी दुसऱ्या रांगेत उभी राहून ओठ हलवायचे. वृंदातल्या सगळ्यांना माहीत होते. खर्ज लावणारा म्हातारा शिमे मला 'आमची मासोळी' म्हणायचा, तोंड उघडते आणि आवाज नाही. यंदा पहिल्या सरावाला तिसरे कडवे संपले तेव्हा त्याने टोपी काढली. ताई, तुला पदव्या मिळाल्या, पारितोषिके मिळाली. मला ही एक टोपी मिळाली आहे.

हजामत ३ तारखेला ठरली. येर्कोने खरवडण्यांना धार लावून ठेवली. भिंतीतली लोणच्याच्या कळ्यांची, केपरची झुडपे मात्र सोडायला सांगितली आहेत, नाहीतर बायका त्याला खारवून बरणीत भरतील. मी माझ्या वाट्याचे गवत आधीच सांगून ठेवले. वेताच्या जाळीतल्या दोन मोठ्या बाटल्या घासायच्या आहेत आणि त्या गवताशिवाय काच काही चमकत नाही.

मीठ कमी करीन. माया कमी करू नकोस.

तुझी,
दोमिना

*

कोमिझा
२६ एप्रिल २००३

चि. निक्शास आशीर्वाद.

कालच्या पत्रकात बावन्न आणि बावन्न.

भिंतगवत व आगपाला एकाच कुळातली भावंडे आहेत. त्यांचे पराग इतके लहान आणि इतके सारखे, की आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली ते वेगळे ओळखता येत नाहीत. मला येत नव्हते, तुलाही येत नाहीत. म्हणून मी ते एका ओळीत लिहीत असे. ते आळसाने नव्हे; जे माहीत नाही ते माहीत असल्याचे भासवू नये म्हणून. तुम्ही बेरीज घेतली, तिचे दोन तुकडे केले आणि त्याला पद्धत हे नाव दिले. आपल्या किनाऱ्यावर आगपाला मेअखेरीपर्यंत नावालाच फुलतो. म्हणजे हवेतले जवळजवळ सर्व कण भिंतगवताचे आहेत. खरा आकडा एकशे चार. ११ एप्रिललाच तो अठ्ठ्याऐंशी होता.

रकाना कोरा ठेवू नये, हे मी शिकवले, हे खरे आहे. त्यात काय लिहू नये, हेही शिकवले असे मी समजत होते. ती माझी चूक मी नोंदवून ठेवली आहे.

यापुढचे तुझ्या हाती. शुक्रवारी, २ मे रोजी, हजामतीपूर्वीचे शेवटचे पत्रक निघेल. त्यात मागील सर्व आकड्यांची दुरुस्ती छापली गेली पाहिजे. तुझ्या आईने त्याच आकड्यांच्या भरवशावर पंप बंद केला आहे. ती तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते. तिला मी यातले काही लिहिलेले नाही आणि लिहिणारही नाही. छापलेली चूक छापूनच दुरुस्त व्हावी. घरातल्या घरात कुजबुजून बहिणीला वाचवावे आणि शहराला तसेच सोडावे, असे काम मी आयुष्यात केले नाही. तुझी नेमणूकही मला प्रिय आहे. दुरुस्ती तुझ्याच नावाने निघाली तर तुझा मान राहील, मी बभ्रा केला तर राहणार नाही.

पावसाचे चिन्ह नाही. ईशान्येचा कोरडा वारा इथेही तीन दिवस वाहतो आहे.

विंका

*

स्तोमोरिना
२९ एप्रिल २००३

ती. मावशींस सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणता ते सर्व बरोबर आहे. मला पहिल्याच आठवड्यात कळले होते. पहिल्यांदा अर्धे केले ते केवळ संगणकाने पत्रक घ्यावे म्हणून. दुसऱ्यांदा केले ते पहिल्यांदा केले होते म्हणून.

काल तुमचे पत्र खिशात घेऊन प्रमुखांपुढे उभा राहिलो. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले की पाच आठवड्यांचे आकडे चुकीचे होते असे सणाच्या दोन दिवस आधी छापले, तर लोक पुढच्या पन्नास वर्षांचेही मानणार नाहीत. दुरुस्ती ९ तारखेच्या पत्रकात, नमुन्यातील तांत्रिक बदल म्हणून. नियम भिंतगवताच्या रकान्याला लागू आहे, बेरजेला नाही, असेही ते म्हणाले. मी विचारले की मग नियम कशासाठी केला होता? त्यावर त्यांनी जूनची आठवण करून दिली आणि माझ्यासाठी कॉफी मागवली. मी ती प्यायलो, मावशी. हे तुमच्यापासून लपवत नाही.

आईचे मला माहीत नव्हते. तिला मी स्वतः सांगेन. तुम्ही लिहू नका, एवढी विनंती. तिने हे माझ्या तोंडून ऐकावे. घरातली गोष्ट आहे, दोन वाक्यांची. तिने पंप घेतला की निदान तिच्यापुरते तरी भय राहणार नाही.

भिंत पांढुरकी दिसू लागली आहे. संध्याकाळी ऊन तिरपे पडले की गवतातून धूर निघाल्यासारखे दिसते. काल प्रवासी त्याची छायाचित्रे काढत होते.

आपला,
निक्शा

*

कोमिझा
१ मे २००३

चि. दोमिनास आशीर्वाद.

हे पत्र बोटीच्या कप्तानाच्या हाती देत आहे, म्हणजे उद्या तुला मिळेल.

पत्र मिळताच पंप पुन्हा सुरू कर. सकाळी दोन वेळा, संध्याकाळी दोन वेळा. ३ तारखेला खिडक्या बंद ठेवून घरात राहा. ४ तारखेला वेशीखाली उभी राहू नकोस. गायचेच असेल तर चर्चमध्ये, आत, दार लावून. आवाज बसला तर बसू दे. यावर वाद नको, येर्कोला विचारणे नको आणि वृत्तपत्र उघडणे नको. सांगते तेवढे कर.

तुझी,
विंका

*

स्तोमोरिना
६ मे २००३

ती. मावशींस सा. न.

आई जिवंत आहे. हे आधी लिहितो.

शुक्रवारी पत्रक निघाले. त्रेसष्ट आणि त्रेसष्ट. मीच भरले. शनिवारी नऊ वाजता येर्कोची माणसे शिड्यांवर चढली आणि एक वाजेपर्यंत भिंत मोकळी झाली. वाऱ्याने सगळा पराग वेशीच्या चौकात, तिथून गल्लीत. गवताचे भारे रात्रभर चौकातच पडून होते, कारण बायकांनी बाटल्यांसाठी राखून ठेवायला सांगितले होते.

मी तिला सांगितले नाही. बुधवारी संध्याकाळी सांगायला स्वयंपाकघरात गेलो, तेव्हा ती बटाटे सोलत तिसरे कडवे म्हणत होती. मी दाराशी उभा राहिलो. गुरुवारी पंप कपाटातून काढून तिच्या कॉफीच्या कपाजवळ ठेवला. तिने तो हसून परत ठेवला आणि म्हणाली की मावशीने तुला हेर नेमले वाटते. शुक्रवारी तुमचे पत्र आले. मला वाटले, आता ते काम करील. खरे सांगायचे तर मला सुटल्यासारखे झाले.

रविवारी दोन कडवी ती गायली. चौक इतका शांत होता की पताकांच्या दोऱ्या हलल्या तरी ऐकू येत होते. तिसऱ्या कडव्याला तिने तोंड उघडले. लोकांना वाटले, ती थांबली आहे, म्हणून कोणी हलले नाही. शिमे मात्र तिच्याकडे वळला आणि त्यालाच खोकला सुटला. बंबवाल्यांनी तिला उचलले. त्यांनी सणाचा गणवेश घातला होता, पण हातमोजे आदल्या दिवशी गवत खरवडलेलेच होते, मावशी. त्यांनीच तिचा चेहरा धरला होता.

घशात नळी घालून यंत्रावर ठेवली आहे. त्या दिवशी शहरातून अकरा जण दाखल झाले. प्रमुख म्हणतात की कोरडा वारा आणि गर्दी. दक्षिणेचा वारा सुटल्याने बोटी बंद आहेत. हे पत्र केव्हा पोहोचेल, माहीत नाही.

आपला,
निक्शा

*

स्तोमोरिना, रुग्णालय
१६ मे २००३

प्रिय ताईस सा. न.

अक्षर वाकडे आहे, कारण पाठ टेकूनच लिहावे लागते. नळी परवा काढली. आवाज अजून नाही. येईल, असे मोठे डॉक्टर म्हणतात. बोलण्यापुरता, असे धाकटे म्हणतात. परिचारिकेशी मी पाटीवर लिहून भांडते. ती म्हणते की इतकी बडबडी मुकी बाई तिने पाहिली नाही.

शिमे गेल्या शुक्रवारी देवाघरी गेला. मला काल सांगितले. त्याची खाट माझ्या भिंतीपलीकडे होती. खोकला थांबला तेव्हा मला वाटले, बरा झाला.

पडून राहिले की माणूस वाचतो आणि मोजतो. आमच्या या मजल्यावर त्या रविवारचे सहा जण होते, खाली आणखी पाच. त्यांत येर्कोचा भाऊ, ज्याला आयुष्यात साधे पडसेही झाले नव्हते. भिंतगवत त्रेसष्ट होते म्हणे. मध्यम. अकरा माणसे मध्यम आकड्याने आजारी पडत नाहीत, ताई. मी काही शिकलेली नाही, पण तुझ्या घरात वाढले आहे. ९ तारखेच्या अंकात खाली बारीक अक्षरांत दोन ओळी आहेत: नमुन्यातील तांत्रिक बदल. मी त्या चारदा वाचल्या. त्यांत आकडा नाही.

निक्शा रोज येतो. सूप आणतो, उशी नीट करतो आणि खिडकीकडे पाहत बसतो. काल मी पाटीवर लिहिले: तुझे आकडे बरोबर होते ना? त्याने ती पुसली आणि म्हणाला की आई, आता दमू नकोस. लहानपणी काही फोडले की तो असाच आधी तुकडे झाडून घ्यायचा, मग माझ्याकडे यायचा. या वेळी तो अजून आलेला नाही. आणि मी त्याला ओढून आणणार नाही. पोटचा पोर आहे. त्याच्या तोंडून खोटे निघाले तर मला ते कायमचे खरे मानावे लागेल.

म्हणून तुला विचारते. १ मेचे तुझे पत्र मला वेळेवर, शुक्रवारी दुपारी मिळाले. ते एका हातात होते आणि दुसऱ्या हातात वृत्तपत्र. पत्र सांगत होते घे, आकडा सांगत होता नको. मी आकड्याचे ऐकले. तो माझ्या मुलाचा होता आणि तुझ्या पत्रात कारण नव्हते. ताई, तू आयुष्यात मला कारणाशिवाय एक ओळ लिहिलेली नाहीस. मीठ जास्त का वाईट, हेही तू दोन परिच्छेदांत सांगतेस. मग त्याच दिवशी कारण कुठे ठेवलेस?

तुला काहीतरी माहीत होते. काय माहीत होते, कोणत्या तारखेपासून, आणि ते मला का लिहिले नाहीस, हे मला हवे आहे. रागावले आहे की नाही, ते अजून मला ठरवता येत नाही. तुझ्या उत्तरावर ठरेल. भेटीला येईन तेव्हा बोलू, असे म्हणू नकोस. तुला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही. निक्शाच्या हाती पाठवू नकोस. बोटीच्या कप्तानाकडे दे, तो स्वतः वर आणून देईल.

लेखी कळव. तारखांसकट.

तुझी,
दोमिना